घरचा हिशेब : भाच्याची निकेल कंपनी आणि मामांची पुंजी

या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक एकाच वळणाची असतात. फंडाचे पैसे पोस्टात ठेवावेत की बँकेत, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे की दागिने मोडावेत, भिशीवाला दार उघडत नाही, आता कोणाकडे जावे. गेल्या महिन्यात मात्र अंबरनाथच्या एका भगिनीचे पत्र आले आणि ते वाचताना आम्हाला जगाचा नकाशा उघडून बसावे लागले. पत्रात कॅनडा होता, निकेलची खाण होती, आणि या दोहोंच्या मध्ये एका कामगाराने तेहेतीस वर्षांत जमवलेली पुंजी होती. ताईंच्या परवानगीने, नावे वगळून, ते प्रकरण वाचकांपुढे मांडतो.

ताईंचे मिस्टर ऑर्डनन्स फॅक्टरीतून दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. त्यांना आपण भाऊ म्हणू. पेन्शन आहे, ती घरखर्चाला पुरते. ग्रॅच्युइटी आणि फंड मिळून जे हाती आले त्यातून मोठ्या मुलीचे लग्न झाले, घराचा स्लॅब नवा टाकला आणि नऊ लाख उरले. धाकटी मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भाऊंच्या बहिणीचा मुलगा टोरंटोजवळ नोकरी करतो. हा मुलगा डिप्लोमा होईपर्यंत भाऊंच्याच घरी राहिला, ताईंच्या हातचे जेवला. २०२१ साली कोरोनात भाऊ अठरा दिवस रुग्णालयात होते तेव्हा बिलाचा मोठा वाटा याच भाच्याने तिकडून पाठवला. तो आता म्हणतो, "मामा, सहा लाख पाठवा. इथे निकेल शोधणारी एक छोटी कंपनी आहे. शेअर दहा सेंटला मिळतो. खाण सुरू झाली की दोन डॉलर. विजेच्या गाड्यांना निकेल लागतेच. मी माझ्या खात्यातून तुमच्यासाठी घेतो. महिनाअखेरपर्यंतच वेळ आहे."

भाऊ तयार आहेत. त्यांचे म्हणणे, "निकेल म्हणजे काय ते मला कोण शिकवणार? सारी नोकरी मी निकेलच्या पोलादावर लेथ चालवली." ताई लिहितात, "मी नाही म्हटले तर उपकार विसरल्यासारखे होईल. हो म्हटले तर मला झोप लागणार नाही. तुम्ही काय म्हणता ते सांगा."

आम्ही खाणीचे इंजिनिअर नाही. पण ताईंनी भाच्याकडून मागवलेले कंपनीचे कागद वाचले, अशा कंपन्यांचा मागचा इतिहास चाळला, आणि चार गोष्टी आमच्या ध्यानात आल्या.

आधी धातूविषयी, कारण भाऊंचे त्याबाबतीतले म्हणणे खरे आहे. निकेल ही हवेतली गोष्ट नव्हे. आपल्या मांडणीवरचे चांगल्या प्रतीचे स्टीलचे भांडे घ्या, त्याच्या शंभर किलोत आठ किलोच्या आसपास निकेल असते. ते गंजू नये यात त्याचाही हातभार असतो. जगात निघणाऱ्या निकेलपैकी सुमारे दोन तृतीयांश अशा स्टीललाच लागते. कोणाच्या आजीच्या ट्रंकेत पन्नास-साठच्या दशकांतला रुपया असेल तर त्याला लोहचुंबक लावून पाहावे, चिकटेल. तो शुद्ध निकेलचा होता. तोफेच्या नळीपासून बॅटरीपर्यंत या धातूला काम आहे आणि उद्याही राहील.

परंतु भाऊ निकेल विकत घेणार नाहीत. ते एका कंपनीचा शेअर विकत घेणार आहेत, आणि त्या कंपनीकडे एक किलोसुद्धा निकेल नाही. तिच्याकडे आहे तो जमिनीत शोध घेण्याचा परवाना, काही बोअरच्या नोंदी आणि बँकेतली थोडी शिल्लक. अशा कंपन्यांना तिकडे 'ज्युनिअर' म्हणतात. त्यांना विक्री नाही, म्हणून नफा नाही, म्हणून लाभांशही नाही. कमावता माणूस नसलेल्या घरासारखा त्यांचा संसार असतो. खर्च मात्र रोजचा : भूगर्भतज्ज्ञांचा पगार, बोअरचे यंत्र, प्रयोगशाळा, संचालकांचे मानधन, टोरंटोतल्या कचेरीचे भाडे. हा खर्च भागतो कशातून? नवे शेअर छापून आणि विकून. येथेच सामान्य माणसाची खरी फसगत होते, आणि त्यात कोणी लबाडी करावी लागत नाही.

हिशेब करून पाहू. भाऊंचे सहा लाख म्हणजे साधारण दहा हजार कॅनेडियन डॉलर. दहा सेंटच्या भावाने एक लाख शेअर होतात. समजा, कंपनीचे आज एकूण दहा कोटी शेअर आहेत. म्हणजे भाऊ कंपनीचे हजारातले एक वाटेकरी झाले. पुढच्या वर्षी बोअर घेण्यासाठी पैसे हवेत, कंपनीने पाच कोटी शेअर काढले. त्याच्या पुढच्या वर्षी अहवालासाठी आणखी दहा कोटी. मग भाव पडलेला असताना, नाइलाजाने, पंचवीस कोटी. असे करीत पन्नास कोटी झाले. भाऊंचे एक लाख शेअर कपाटात तसेच आहेत, कोणी चोरले नाहीत, पण ते आता पाच हजारातले एक वाटेकरी आहेत. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालावे लागते, तसे हे. आणि खाण सापडलीच, तर ती उभारायला लागणारा पैसा पुन्हा वेगळा. तो शंभर कोटी डॉलरच्या पुढे सहज जातो. तो आणताना आमटीत आणखी पाणी पडते, नाहीतर कर्ज, नाहीतर खाणीतला मोठा वाटा दुसऱ्याला देणे.

भाच्याने सांगितलेली 'महिनाअखेर' हीसुद्धा असेच नवे शेअर काढण्याची तारीख आहे, हे कागदांवरून आमच्या ध्यानात आले. त्यात एक बारीक कलम असते. अशा वेळी जे मोठे गुंतवणूकदार थेट कंपनीकडून शेअर घेतात त्यांना सोबत 'वॉरंट' मिळते, म्हणजे पुढे काही काळ ठरलेल्या भावाने आणखी शेअर घेण्याचा हक्क. बाजारात भाव वाढला की ते हा हक्क वापरून स्वस्तात शेअर घेतात आणि विकतात. ज्याने बाजारातून एकेक शेअर घेतला त्याला हा हक्क नसतो. एकाच पंगतीत दोन प्रकारचे ताट!

आता इतिहास पाहू, कारण भाच्याने पत्रात व्हॉइझीज बे या जागेचा दाखला दिला आहे. तो दाखला खरा आहे आणि आम्ही तो झाकून ठेवणार नाही. पण त्याच्याआधी दुसरी एक कथा सांगणे भाग आहे.

१९६९ साली व्हिएतनामचे युद्ध चालू होते, शस्त्रांना निकेल लागत होते, आणि त्याच वर्षी कॅनडातील इन्को या सर्वात मोठ्या निकेल कंपनीतल्या कामगारांनी संप केला. भाव भडकले. त्या सुमारास ऑस्ट्रेलियात पोसायडन नावाची एक लहानशी कंपनी पश्चिमेकडच्या ओसाड भागात, विंडारा येथे, बोअर घेत होती. सप्टेंबर १९६९ च्या आरंभी तिचा शेअर ८० सेंटला होता. महिनाअखेर बातमी फुटली की बोअरमध्ये उत्तम निकेल लागले आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये तोच शेअर २८० डॉलरवर गेला. पाच महिन्यांत साडेतीनशे पट! लंडनचे सावकारही घेत होते आणि ऑस्ट्रेलियातले टॅक्सी चालवणारेही. शेजारच्या माळावर ज्यांचा तंबू होता अशा कंपन्यांचेही शेअर चढले. त्यातल्या एकीचे शेअर नुसत्या अफवेवर आकाशाला भिडले, आणि तिच्या जमिनीत खाणीजोगे निकेल नव्हतेच.

विंडाऱ्यात निकेल होते. ही गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. पोसायडनने बातमी बनवली नव्हती. पण खाण सुरू व्हायला १९७४ साल उजाडले. तोवर संप मिटून काही वर्षे झाली होती, निकेलचा भाव खाली आला होता, खर्च वाढला होता, आणि खडकातले निकेलचे प्रमाण सुरुवातीला वाटले तेवढे नाही हे दिसून आले. १९७६ साली कंपनीचे नाव शेअर बाजाराच्या यादीतून गेले. खाण मात्र दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या हाती गेली आणि १९९१ पर्यंत चालली. म्हणजे ज्यांनी २८० डॉलरला शेअर घेतला त्यांचे निकेलविषयीचे मत बरोबर होते, जागेविषयीचे मत बरोबर होते, आणि तरीही पैसा बुडाला.

या गोंधळाची ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने चौकशी केली, १९७४ साली तिचा अहवाल आला. खाण कंपन्यांनी जमिनीखालच्या साठ्याबद्दल काय बोलावे आणि काय बोलू नये, हे ठरवणारी समिती १९७१ साली नेमली गेली ती याच धड्यामुळे. कॅनडाने तसा कडक नियम २००१ साली केला, पण त्याआधी १९९७ मध्ये तिकडच्या ब्रे-एक्स कंपनीचे इंडोनेशियातले सोने खोटे ठरायचे होते. तेथे खडकाच्या नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते. आज भाच्याच्या कंपनीच्या अहवालात साठ्याचे जे वर्ग केलेले दिसतात ते या नियमांमुळे. म्हणून ते वाचता आले पाहिजेत.

आपल्या गावाकडे विहीर खोदण्याआधी पाणाड्याला बोलावतात. तो नारळ हातावर धरून चालतो आणि म्हणतो, येथे पाणी आहे. त्याने 'आहे' म्हणणे, एका बोअरला पाणी लागणे, आणि उन्हाळ्यात मे महिन्यातही ते टिकणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. खाणीच्या कागदांतही असेच तीन वर्ग असतात. दूर दूर घेतलेल्या थोड्या बोअरवरून बांधलेला अंदाज तो पहिला. बोअर जवळजवळ घेतल्यावर त्याचा भरवसा वाढतो तो दुसरा. आणि अगदी नेमका मोजलेला तो तिसरा. भाच्याने ज्या आकड्याखाली लाल रेघ मारली आहे तो पहिल्या वर्गातला आहे. शिवाय, तिन्ही वर्गांच्या पुढे आणखी एक पायरी राहते : हे निकेल नफ्यात काढता येईल का? तसा पूर्ण अहवाल या कंपनीने अजून केलेलाच नाही.

आता व्हॉइझीज बे. १९९३ साली कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर डायमंड फील्ड्स या लहान कंपनीसाठी दोन माणसे हिरे शोधत हिंडत होती. त्यांना एका टेकडीवर तांबूस गंज चढलेला खडक दिसला. हिरे नव्हते. निघाले ते निकेल, तांबे आणि कोबाल्ट, तेही जमिनीच्या अगदी जवळ. १९९६ साली इन्कोने ती जागा ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलरला विकत घेतली. ज्यांनी आरंभी डायमंड फील्ड्सचे शेअर घेतले होते ते खरोखर श्रीमंत झाले.

पण ते श्रीमंत कसे झाले हे भाच्याने पाहिलेले नाही. खाणीतून पहिले खनिज निघाले २००५ साली, म्हणजे विक्रीनंतर नऊ वर्षांनी. पैसा झाला तो खाणीतून नव्हे, तर एका मोठ्या कंपनीने घाईने जास्त किंमत मोजली त्यातून. पुढे २००२ साली इन्कोला त्या किमतीतला मोठा भाग आपल्या वह्यांतून वजा करावा लागला. मधली वर्षे कशात गेली? त्या भूमीवर इन्नू आणि इन्युइट हे तेथले मूळ लोक राहतात. आमची जमीन आम्हाला न विचारता कशी खोदता, असे त्यांनी म्हटले, १९९७ साली जागेवर जाऊन काम अडवले, कोर्टात गेले. २००२ मध्ये त्यांच्याशी करार झाले, त्यांना नोकऱ्यांत आणि उत्पन्नात वाटा मिळाला, तेव्हा कुठे काम पुढे सरकले. आम्हाला तर हा या कथेतला सर्वात चांगला भाग वाटतो. गुंतवणूकदाराच्या बाजूने पाहिले तरी तो महत्त्वाचा आहे : ज्या कंपनीने जमिनीच्या मालकांशी आधी बोलणे केलेले नाही तिच्या तारखांवर विश्वास ठेवू नये. भाच्याच्या कंपनीच्या कागदांत याविषयी 'चर्चा चालू आहे' एवढेच तीन शब्द आहेत.

दुसरा फरक खडकाचा. व्हॉइझीज बेच्या मुख्य साठ्यात निकेलचे प्रमाण शेकडा पावणेतीनच्या वर होते. सध्या कॅनडात ज्या मोठमोठ्या साठ्यांचा बोलबाला आहे, आणि ज्या जातीचा भाच्याच्या कंपनीचा साठा आहे, त्यांत ते शेकडा पाव टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे एक टन खडकात अडीच किलो निकेल. तेही सगळे हाती लागत नाही, बराचसा भाग गाळात जातो. २०२५ साली निकेलचा भाव टनाला पंधरा हजार अमेरिकन डॉलरच्या आसपास, म्हणजे किलोला पंधरा डॉलर होता. निम्मे जरी हाती आले तरी एका टनाचे वीस डॉलरसुद्धा होत नाहीत. थोडे कोबाल्ट, थोडे लोखंड मिळेल ते वेगळे. तेवढ्यात तो टनभर खडक फोडायचा, उचलायचा, पिठासारखा दळायचा, निकेल वेगळे करायचे, मजुरी द्यायची, कर भरायचा. भाऊ, तुम्ही फॅक्टरीत जॉब कार्ड भरत होता. यात किती उरते ते तुम्हीच मांडून पाहा. भाव दुप्पट झाला तर गणित जमते. तो होईल का, हा खरा प्रश्न.

आणि येथे इंडोनेशिया आडवा येतो. त्या देशाने २०२० पासून कच्चे निकेल खनिज बाहेर पाठवणे बंद केले आणि चिनी कंपन्यांना सांगितले, भट्ट्या येथे आणून लावा. त्यांनी लावल्या, आणि अशा वेगाने लावल्या की २०२३ पर्यंत जगातले निम्मे निकेल एकट्या इंडोनेशियातून येऊ लागले. मार्च २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धाच्या धास्तीने लंडनच्या बाजारात भाव काही तासांत एक लाख डॉलरवर गेला होता. बाजार बंद करून त्या दिवसाचे सौदेच रद्द करावे लागले. भाच्याला बहुधा तो दिवस आठवत असावा. त्यानंतरची घसरण तो विसरला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पॅनोरॅमिक ही कंपनी कर्ज फेडता न आल्याने प्रशासकांच्या हाती गेली, आणि तिच्याकडे तर चालू खाण होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीएचपीसारख्या बलाढ्य कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियातला आपला निकेलचा सारा कारभार थांबवला. जेथे हत्ती बसले तेथे शेळीचे काय होणार?

विजेच्या गाड्यांचेही तसेच. ज्या बॅटरीत निकेल असते ती चांगली, लांब पल्ल्याची. पण लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत निकेल मुळीच नसते, ती स्वस्त पडते, आणि चीनमध्ये निम्म्याहून अधिक गाड्यांत तीच बसते. आपल्याकडच्या टाटांच्या विजेच्या नेक्सॉनमध्येही तीच आहे. तेव्हा 'विजेच्या गाड्यांना निकेल लागतेच' हे वाक्य अर्धेच खरे.

इंडोनेशियाचे निकेल इतके स्वस्त का, हेही कामगारांच्या साप्ताहिकाने विचारले पाहिजे. तेथल्या भट्ट्या दगडी कोळशाच्या विजेवर चालतात. २४ डिसेंबर २०२३ रोजी मोरोवाली येथल्या अशाच एका कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी स्फोट होऊन आग लागली आणि वीसच्या आसपास कामगार मेले. भाऊंनी आयुष्यभर भट्टीजवळ काम केले आहे. त्यांना याचा अर्थ आम्ही सांगण्याची गरज नाही.

इतके वाचून कोणी म्हणेल, शेअर म्हणजे जुगार, आपण गरिबांनी त्या वाटेला जाऊच नये. आमचे मत तसे नाही. १९१७ साली अमेरिका-इंग्लंडहून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके यायची थांबली आणि तो बंद पडला. ज्या बाजाराचे दार त्यांच्या तोंडावर लावले गेले, त्या बाजारात आपल्या मुलामुलींनी ताठ मानेने जावे असेच आम्हाला वाटते. पण बाबासाहेब ताळेबंद वाचून सल्ला देत होते, कोणाच्या फोनवरून नव्हे.

आणि पैशाची विभागणी तर भगवान बुद्धांनीच गृहस्थाला सांगून ठेवली आहे. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगाला, दोन कामधंद्यात घालायला, आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवायला. व्यग्घपज्ज सुत्तात मिळवण्याइतकेच महत्त्व मिळवलेले राखण्याला दिले आहे. आता भाऊंचे वय पाहा. त्यांची कमाई थांबली. कामधंद्यात घालायचे दोन भाग त्यांनी मुलींच्या शिक्षणात, लग्नात आणि स्लॅबमध्ये घातले. हे नऊ लाख म्हणजे तो चौथा भाग आहे. कोरोनाच्या वेळी हा भाग हाताशी नव्हता, म्हणून भाच्यापुढे हात पसरावा लागला. तोच भाग आता भाच्याच्या हवाली करायचा?

आम्ही हे दुरून बोलत नाही. नव्वदच्या दशकात सागवानाची झाडे लावून वीस वर्षांत लाखो रुपये देणाऱ्या कंपन्या निघाल्या होत्या. त्यातल्या एकीत आम्ही आमच्या थोरल्या बंधूंच्या शब्दावर पाच हजार घातले. पावतीवर झाडाचे सुंदर चित्र होते. सागवान हे चांगलेच लाकूड, त्याला कोण नाही म्हणेल? ती पावती अजून ट्रंकेत आहे. बंधू आता नाहीत. त्यांनी फसवले नाही, ते स्वतःच फसले होते. पण तीन वर्षे आमचे बोलणे बंद होते, त्याची भरपाई कोणती कंपनी करणार?

म्हणून ताईंना आम्ही असे कळवले. सहा लाखांना स्पष्ट नकार द्यावा. तो पैसा पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवावा. २०२४ साली तिचा व्याजदर ८.२ टक्के होता. त्या दराने सहा लाखांचे वर्षाला एकोणपन्नास हजार होतात, तीन-तीन महिन्यांनी खात्यात येतात, आणि मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या फीला मोठा हातभार लागतो. भाऊंची हौसच असेल तर महिन्याच्या पेन्शनइतकी रक्कम घालावी, त्याहून एक रुपया जास्त नाही, आणि ती गेली असे आजच वहीत मांडावे.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. 'माझ्या खात्यातून घेतो' हे मुळीच चालणार नाही. भाच्याच्या खात्यात घेतलेला शेअर कायद्याने भाच्याचा. उद्या त्याच्यावर कर्ज झाले, त्याचे लग्न मोडले किंवा त्याचे काही बरेवाईट झाले, तर मामीने कोणता कागद दाखवायचा? परदेशी शेअर घ्यायचाच तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने, बँकेमार्फत, पॅन कार्ड देऊन, स्वतःच्या नावावर घ्यावा. आणि आयकर विवरण भरत असाल तर त्यात तो दाखवावाच लागतो, शेअर दहा सेंटचा असला तरी.

राहिला उपकाराचा प्रश्न. ताई, तुम्ही त्याला वाढवले आणि त्याने तुमच्या दुखण्यात पैसे पाठवले. हे घरचे देणेघेणे आहे, ते निकेलच्या शेअरमधून फेडायचे नसते. त्याला नकार न देता आधी तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवले. भाऊंनी ते स्वतःच्या अक्षरात लिहून, फोटो काढून पाठवले : कंपनीकडची शिल्लक किती महिने पुरेल? गेल्या पाच वर्षांत शेअरची संख्या किती पटीने वाढली? आणि भाच्या, तू स्वतः किती घातलेस?

परवा ताईंचा फोन आला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले आहे, शेअर पाच वर्षांत चौपट झाले. पहिल्याचे उत्तर तो शोधतो आहे. तिसऱ्याचे उत्तर द्यायला त्याने फोन केला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, आणि मग म्हणाला की त्याने मागच्या वर्षी अठरा सेंटच्या भावाने घेतले आहेत, बायकोला अजून सांगितलेले नाही. भाऊ त्याला रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "जेवलास का?" महिनाअखेर उलटून आता नऊ दिवस झाले. ताई सोमवारी पोस्टात जाणार आहेत.